दाराच्या गजातली कानपट्टी

ही गोष्ट २०१६ सालची. मे महिना, सीवूड्समधल्या एका सात मजली इमारतीचा चौथा मजला, दुपारचे साडेतीन. त्या वेळी मी तयार झाले, आणि तयार होता होताच अडकले.

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची कानपट्टी आहे. कपाळावरून मागे जाऊन दोन्ही कान झाकणारी, चार बोटं रुंद पट्टी. माझा रंग गडद निळा होता. आता धुळीने आणि काजळीने तो ओळखू येत नाही. माझ्यासारख्या वस्तू कपाटात राहतात, थंडी पडली की बाहेर निघतात, कुणाच्या तरी डोक्याची ऊब घेतात. मी मात्र एका लोखंडी गजाभोवती आहे. चारशे चार नंबरच्या फ्लॅटला लाकडी दाराच्या बाहेर एक गजांचं दार आहे, त्याला सगळे सेफ्टी डोअर म्हणतात. त्याच्या डावीकडून पाचव्या गजाला मी आहे. गजाचं वरचं टोक चौकटीत जोडलेलं आहे आणि खालचंही. त्यामुळे मी वर सरकू शकते, खाली सरकू शकते, पण निघू शकत नाही.

कानपट्टी गजात गेली कशी, असं तुम्ही विचाराल. आणि नवी मुंबईच्या उकाड्यात कानपट्टी हवी तरी कुणाला? दोन्ही सांगते, पण जरा मागून सुरुवात करते.

लोकर म्हणून मी फार जुनी आहे. आधी मी स्वेटर होते. समोरच्या चारशे तीनमधले फजलचाचा तरुणपणी बोटीवर फिटर होते. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर असायचा. थंड मुलखाकडे जाणाऱ्या बोटीवर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या बायकोने, आबिदाचाचींनी, मला विणलं. डेकवर बर्फ पडत असताना मी चाचांच्या छातीशी होते. फार मानाची वर्षं होती ती. पुढे चाचा निवृत्त झाले, नवी मुंबईत राहायला आले आणि मला काही काम उरलं नाही. कोपरांना भोकं पडली होती. मग कितीतरी वर्षं मी पत्र्याच्या पेटीत होते. अंधारात घडी होऊन पडून राहायचं, एवढंच.

त्या वर्षी एप्रिलअखेर चाचींनी मला बाहेर काढलं आणि उसवायला घेतलं. जुनी लोकर टाकायची नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. उसवलेली लोकर कुरळी असते, शेवयांसारखी. तिची लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, खाली वजन बांधून वाळत घालायची, मग ती सरळ होते. त्यानंतर लडीचा गुंडा करायचा. या शेवटच्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हात पसरून लडी मनगटांवर धरायची आणि दुसऱ्याने गुंडाळत जायचं. फजलचाचा जेवून झोपले होते. चाची लडी घेऊन दारात आल्या आणि त्यांनी समोर पाहिलं.

समोरच्या गजांमागे एक मुलगी जमिनीवर बसली होती.

ती उन्नती. अकरा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर खपली. तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. त्याचं कारण असं. आदल्या वर्षीच्या सुट्टीत ती मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाली आणि एकटीच खाडीकडच्या तळ्यावर फ्लेमिंगो बघत बसली. चार तास तिचा पत्ता नव्हता. संध्याकाळी पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन ती हसत परत आली, तेव्हा तिचे वडील हिरामण इमारतीच्या गेटाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला तिचा फोटो दाखवत होते. त्या दिवशी जी भीती त्यांच्या मनात शिरली ती बाहेर निघालीच नाही. या सुट्टीत त्यांनी दाराला बाहेरून कडी लावून कुलूप घातलं. उन्नतीची आई सोनल नर्स होती. सकाळी सातला जायची, रात्री आठला यायची. पहिल्याच आठवड्यात तिने आपल्याकडची किल्ली गुपचूप मुलीच्या हातात दिली आणि खाली अर्धा तास खेळून ये म्हणाली. ते हिरामणांना कळलं. तेव्हापासून दोन्ही किल्ल्या त्यांच्याच खिशात.

सकाळी नऊला कुलूप लागायचं, संध्याकाळी साडेसहाला निघायचं. खिडक्यांना जाळ्या, बाल्कनीलाही जाळी. आतलं लाकडी दारही बंद ठेवायचं, असं बजावलेलं. पण दुपारी घर तापायचं, म्हणून उन्नती ते उघडून गजांशी बसायची. पॅसेजमधून तेवढाच वारा यायचा.

"अगो पोरी, हात रिकामे आहेत का?" चाचींनी विचारलं.

"सकाळपासून रिकामेच आहेत," उन्नती म्हणाली.

"मग दे इकडे. दोन्ही दे."

उन्नतीने दोन फटींतून दोन हात बाहेर काढले आणि चाचींनी माझी लडी तिच्या मनगटांवर चढवली. मधे गज, इकडे चाची, तिकडे ती. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, पोरीला लोकरीने बांधून ठेवलंय. पण मला ते हात आठवतात. लडी सुटत जाईल तसे ते आपोआप डावीकडे, उजवीकडे झुलायला लागले. बऱ्याच दिवसांनी त्यांना काहीतरी काम मिळालं होतं, आणि मलाही.

"चाची, हे नूडल्स कुठून आणलेत?"

"चाचांच्या अंगातून काढलेत. तीस वर्षं शिजत होते."

गुंडा झाल्यावर उन्नतीने हात आत घेतले नाहीत. "याचं काय करणार?" तिने विचारलं.

"बघू. तुला काय हवंय?"

उन्नतीने गुंड्यावर बोट दाबून पाहिलं. मग म्हणाली, "मला नको. बाबांचे कान दुखतात."

मित्रांनो, हिरामण तुर्भ्याला एका शीतगृहात कामाला होते. बाहेर रस्ता वितळेल असं ऊन, आणि आत उणे अठरा. मटारची पोती, मासळीची खोकी, आइस्क्रीमचे डबे, सगळं त्या थंडीत रचायचं आणि काढायचं. कामावर जॅकेट मिळे, टोपीही मिळे, पण ती टोपी कानांवरून वर चढायची. संध्याकाळी घरी आले की हिरामण कोमट तेलाची वाटी घेऊन बसायचे. कधी कधी उन्नतीने हाक मारली तर त्यांना पहिल्यांदा ऐकूही जायचं नाही.

अशी माझी सुरुवात झाली. रोज दुपारी अडीचला चाची प्लास्टिकचा मोडा, म्हणजे बुटकं स्टूल, घेऊन पॅसेजमध्ये बसायच्या. सुया आणि लोकर गजांतून आत गेली. शिकवणं मात्र बाहेरूनच. उन्नती आत विणायची, चुकलं की काम फटीतून बाहेर द्यायची, चाची ते नाकाजवळ धरून बघायच्या आणि परत आत सारायच्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन रमजाननंतर करायचं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी उन्नतीने चोवीस टाके घातले आणि ओळ संपेपर्यंत ते सत्तावीस झाले.

"चाची, तीन जास्त आले."

"कुठून आले विचार त्यांना. पाहुणे असतील तर चहा दे."

ती ओळ उसवली. पुढे सहाव्या ओळीत एक टाका सुटला आणि चार घरं खाली गेला. चाचींनी तो गजांतून सुई घालून वर आणला. दोन सुलट, दोन उलट. अशा विणीने पट्टी ताणली जाते आणि कानांना चिकटून बसते. पाच दिवसांनी उन्नतीचा हात बसला. मग ती न बघता विणायची आणि बोलत राहायची. तिच्या मनात काय आहे, ते मला एक दिवस कळलं.

"पट्टी झाली की बाबांच्या कानांवर घालणार," ती चाचींना सांगत होती, "आणि मग विचारणार, कुलूप काढता का? कान गरम झाले की माणूस ऐकतो."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"माझ्या मनाने."

"मग खरं असेल," चाची म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी दाराच्या कुलपाकडे एकदा पाहिलं.

म्हणजे माझ्यावर केवढी मोठी कामगिरी होती बघा. नुसते कान झाकायचे नव्हते, दार उघडायचं होतं. मी मनापासून वाढत होते. रोज साडेपाचला उन्नती मला उशीच्या खोळीत लपवायची आणि लाकडी दार लावून टाकायची. बाबांना कळलं तर तेही दार बंद होईल, ही भीती दोघींनाही होती.

बारा मेच्या दुपारी मी पुरी झाले. टाके बंद केले. आता फक्त माझी दोन टोकं जोडायची होती. शिवणाची मोठी सुई चाचींकडे होती. उन्नतीने माझं एक टोक पाचव्या गजाच्या डावीकडून बाहेर दिलं. दुसरं टोक चाचींनी मागितलं, तेव्हा ते तिने उजवीकडून बाहेर दिलं. चाचींनी दोन्ही टोकं जुळवली आणि शिवायला लागल्या. त्या धाकट्या मुलाच्या, फहादच्या, लग्नातली गंमत सांगत होत्या. नवऱ्यामुलाचे बूट लपवले होते आणि लपवणाराच विसरला कुठे ठेवले ते. उन्नती गजांवर डोकं टेकून हसत होती. चाचींनी बारीक टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, शेवटचं टोक विणीत आत लपवलं आणि म्हणाल्या, "घे, ओढ आत."

उन्नतीने ओढलं. मी गेले नाही.

तिने पुन्हा ओढलं. मग दोघींनी वाकून पाहिलं.

आतापर्यंत मी दोन टोकं असलेली पट्टी होते. आता मी कडं झाले होते, आणि कड्याच्या आत गज होता.

चाचींना इतकं हसू आलं की मोड्यावरून पडायच्या बाकी राहिल्या. "या अल्ला, दाराला कानपट्टी घातली मी. विचार त्याला, थंडी वाजते का?" उन्नतीही हसली. पाच मिनिटांचं काम होतं. शिवण उसवायची आणि पुन्हा शिवायची. "थांब, बारीक कात्री आणते," म्हणत चाची उठल्या.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि हिरामण बाहेर आले. शीतगृहाचं एक यंत्र बंद पडलं होतं, म्हणून त्या दिवशी लवकर सोडलं होतं.

त्यांनी उघडं लाकडी दार पाहिलं, मोडा पाहिला, फटीतून बाहेर आलेला मुलीचा हात पाहिला. ते मूळचे घणसोलीजवळच्या तळवली गावचे. शहरात सगळ्यांसारखं बोलायचे, पण राग आला की गावची बोली तोंडात यायची.

"चाची, तुमी मोठ्या हाव. तुमाना काय बोलू? पन मी पोरीला दार बंद ठेवाला सांगलंय, आनि तुमी इथं येऊन बसताव."

"दार मी नाही उघडलं, हिरामण. पोरीने वाऱ्यासाठी उघडलं. माणूस आहे ती. लोणच्याची बरणी नाही, झाकून ठेवायला."

"बरनी फुटली तर दुसरी येते, चाची."

 चाची मोडा उचलून घरात गेल्या. मला त्या वेळी हिरामणांचा राग आला होता. पण बोलताना त्यांचा हात गजावर होता, माझ्या अगदी जवळ, आणि तो हात गज पक्का आहे ना हे हलवून बघत होता, हेही मी पाहिलं.

मग त्यांना मी दिसले. त्यांनी मला ओढून पाहिलं. "ह्यो काय परकार हाय?"

"कानपट्टी," उन्नती आतून म्हणाली. "तुमच्यासाठी होती."

कान गरम झाल्यावर विचारायचा प्रश्न तिने विचारलाच नाही. हिरामण कुलूप उघडून आत गेले आणि मोठी कात्री घेऊन आले. उन्नतीने माझ्यावर दोन्ही पंजे दाबून धरले. "कापायची नाही. चाचींनी शिवलीय. त्याच उसवतील."

 हिरामणांनी कात्री बाजूला ठेवली आणि लाकडी दार लावून घेतलं.

त्यानंतरचे बारा दिवस मी विसरू शकत नाही. लाकडी दार दिवसभर बंद. मी पॅसेजच्या बाजूला. आतून कधी पंख्याचा आवाज यायचा, कधी नळाचा, कधी नुसतीच पावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा, परत अकरा. बोलण्याचा आवाज नाही, कारण बोलायला कुणी नव्हतं. एकदा दाराच्या खालच्या फटीतून एका सुईचं टोक बाहेर आलं, इकडेतिकडे हललं आणि आत गेलं. समोरचं दारही बंद असायचं. चाची लिफ्टकडे जाताना माझ्याजवळ थांबायच्या, बेलकडे बघायच्या आणि निघून जायच्या. दुसऱ्याच्या मुलीचा प्रश्न, बापाने नको म्हटलेलं. जिने पुसणारी गोजराबाई मला बघून म्हणाली, "अगं बाई, दाराला कडदोरा कुनी बांधला?" आणि ओल्या फडक्याने गजाबरोबर मलाही पुसून गेली.

मला वाटायचं, मी तिला बाहेर काढणार होते, उलट माझ्यामुळेच ती आणखी आत गेली.

चोवीस मेला दुपारी एकच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरच्या विजेच्या वायरी जळायला लागल्या. आधी वास आला, रबर जळल्यासारखा. मग जिन्यातून काळा धूर वर आला. लिफ्ट बंद पडली. पाचव्या, सहाव्या मजल्यावरची माणसं तोंडाला रुमाल लावून खाली धावत गेली. आबिदाचाची बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या दाराच्या गजांवर मोडा आपटायला सुरुवात केली.

"उन्नती, दार उघड. आतलं दार उघड."

लाकडी दार उघडलं. उन्नतीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने कुलपाकडे पाहिलं आणि चाचींकडे पाहिलं.

वॉचमन ज्योतिबा धापा टाकत वर आला होता. त्याने हिरामणांना फोन लावला. वाजत राहिला. शीतगृहात आत जाताना फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. मग त्याने सोनलला कळवलं, तिने हॉस्पिटलातून शीतगृहाच्या ऑफिसात फोन केला, तिथून कुणीतरी आत गेलं, आणि उणे अठरामध्ये पोती रचणाऱ्या माणसाला कळलं की मुलगी कोंडली आहे आणि किल्ल्या आपल्या खिशात आहेत. तुर्भ्याहून यायला निदान पंचवीस मिनिटं.

फजलचाचा घरातून करवतीचं पातं घेऊन आले, लोखंड कापायचं. बोटीवरचा माणूस, त्यांनी घाई केली नाही. बादलीत पंचे भिजवून एक आत उन्नतीला दिला, एक चाचींना, एक ज्योतिबाला. "खाली बसा. धूर वर असतो." मग ते कुलपाशी गुडघ्यांवर बसले आणि कापायला लागले.

"चाची, तुम्ही जा ना खाली," उन्नती म्हणाली.

"गप. माझे गुडघे दुखतात. चार जिने कोण उतरेल?"

"लवकर कापा हो," त्या चाचांना म्हणाल्या. "बोटीवर इंजिनं उघडत होतात म्हणे."

"बोटीवर कानाशी बडबडायला कुणी नव्हतं," चाचा म्हणाले. पातं करकरत राहिलं.

धूर दाट झाला. उन्नतीला खोकला आला आणि तिने गजांना डोकं लावून रडायला सुरुवात केली. तेव्हा चाचींनी फटीतून हात आत घातला, तिची बोटं धरली आणि ती माझ्यावर ठेवली. "माझ्याकडे बघू नकोस, कुलपाकडेही बघू नकोस. हिचे टाके मोज. मला दिसत नाहीत आता, तूच मोज. एकेक ओळ. मोठ्याने."

उन्नती मोजू लागली. दोन सुलट, दोन उलट. चार. सहा. एक ओळ चोवीसची. खोकला आला की थांबायची, पुन्हा त्याच टाक्यापासून सुरू करायची. बाहेरून चाचींचा हात, आतून तिचा, आणि मधे मी. दोघींच्याही बोटांनी मला घट्ट धरलं होतं. मित्रांनो, कानपट्टी म्हणून मी केलेलं एकमेव काम म्हणाल तर ते हेच. मी कुणाचे कान झाकले नाहीत. पण ती पंधरा मिनिटं त्या मुलीच्या बोटांना धरायला काहीतरी होतं.

एकोणिसाव्या ओळीला कुलूप तुटून खाली पडलं.

ज्योतिबाने उन्नतीला उचललं. चाची म्हणत होत्या गुडघे दुखतात, पण त्या तिच्यामागून एका दमात खाली गेल्या. थोड्याच वेळात आगीचा बंबही आला. कुणाला इजा झाली नाही. तिसरा मजला काळा झाला, आणि मी काळी झाले.

सगळे खाली असताना हिरामण आले. त्यांना गेटापाशी कुणीतरी सांगितलं असेल की पोरगी सुखरूप आहे, पण ते थांबले नाहीत. चार जिने धावत वर आले. अंगात शीतगृहाचं जाड जॅकेट तसंच होतं, घामाने भिजलेलं. एका हातात एक किल्ली, दुसऱ्या हातात दुसरी. दार सताड उघडं होतं आणि कापलेलं कुलूप फरशीवर पडलं होतं. त्यांनी ते उचललं. एक किल्ली त्यात घालून फिरवून पाहिली. ती फिरली. मग ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि तोंडावर जॅकेट ओढून रडले. हे फक्त मी पाहिलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ते समोरच्या दारात गेले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एक किल्ली चाचींच्या पुढे धरली. "ही तुमच्याकडं ठेवा."

"कुलूपच राहिलं नाही, हिरामण," चाची म्हणाल्या. "आता किल्लीने काय करू? कान कोरू?"

आतून फजलचाचा हसले. मग हिरामणही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "माझं चुकलं, चाची."

"चुकलं. बस, चहा घे."

दुसऱ्या दिवशी चाची बारीक कात्री घेऊन माझ्याकडे आल्या. माझी शिवण त्यांनी बोटाने शोधली. मी आनंदले होते. पण मागून हिरामणांचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे, चाची. नका काढू. मना रोज दिसू दे."

चाचींनी कात्री मिटली. असा माझा निकाल लागला. त्यांच्या मनात माझा मान होता, हे मला समजतं. पण ज्याची आठवण म्हणून मला ठेवायचं होतं, त्यातून सगळे सुटले आणि मी तशीच राहिले. रागाने नाही सांगत. फक्त सांगते.

उन्नतीने उरलेल्या लोकरीची दुसरी कानपट्टी विणली, माझी धाकटी बहीण. ती मात्र दाराच्या बाहेर, पॅसेजमध्ये चाचींशेजारी बसून. हिरामण ती घालून कामावर गेले. तिथे आधी सगळ्यांनी चेष्टा केली, नवरीसारखं कपाळ झाकलंस म्हणून, आणि आठवड्याभराने विचारू लागले, आणखी मिळेल का. पुढच्या दोन उन्हाळ्यांत इमारतीतल्या सात-आठ मुलींचा वर्ग त्या पॅसेजमध्ये भरायचा. कानपट्ट्या, मनगटाच्या पट्ट्या, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे. सगळं तुर्भ्याला जायचं. नवी मुलगी आली की चाची तिला माझ्याकडे आणायच्या आणि सांगायच्या, शिवायला घेण्याआधी हात फिरवून बघायचं, मधे काय आहे. मग प्रत्येक मुलगी शिवणाआधी मोठ्याने विचारायची, "मधे काही नाही ना?" आणि बाकीच्या ओरडायच्या, "दार आहे."

ते दिवस संपले. आता मला कुणी ओळखत नाही. दिवाळीला दाराला रंग लागतो तेव्हा रंगारी मला वर सरकवतो, खालचा भाग रंगवतो, मग खाली सरकवतो. माझ्या काठांना तीन दिवाळ्यांचे तीन रंग आहेत.

फजलचाचा २०२१ साली गेले. चाचींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं. आता त्या फहादकडे पनवेलला असतात. विणतात का, ते मला कळायला मार्ग नाही. ज्योतिबा साताऱ्याकडे आपल्या गावी गेला. गोजराबाईच्या जागी दुसरी बाई आली. हिरामणांचा डावा कान गेला तो गेलाच. त्यांनी शीतगृह सोडलं आणि कुटुंब तळवलीला नेलं. तिथे वडिलोपार्जित जागेवर त्यांच्या भावांनी इमारत बांधली आहे, तिची देखभाल ते करतात. सोनल अजून नर्स आहे. उन्नती वीस वर्षांची झाली, ठाण्याला कॉलेजात जाते. गेल्या वर्षी ती भाडेकरूंना घर दाखवायला आली होती. मला पाहून तिने हात लावला, काजळी बोटाला लागली, ती तिने रुमालाला पुसली आणि फोन आला म्हणून निघून गेली. मला वाईट वाटलं नाही. घाईत असलेली, स्वतःच्या पायांनी लिफ्टकडे जाणारी उन्नती, हेच तर तेव्हा हवं होतं.

नवे भाडेकरू चांगली माणसं आहेत. दोघंही नोकरी करतात. त्यांना सात वर्षांची मुलगी आहे. सुट्टी लागल्यापासून सकाळी दहाला दाराला बाहेरून कुलूप लागतं. चारशे तीन सध्या रिकामं आहे.

मित्रांनो, तुम्ही मला तुमच्यासारखी बोलती-चालती समजून इतका वेळ ऐकलंत. मला खरं तर बोलता येत नाही, आणि गजावरून हलता येत नाही. तुम्हाला दोन्ही येतं. तुमच्या मजल्यावर असं दार असेल तर तिथे जाऊन बसा, गप्पा मारा. विणायला येत असेल तर सुया घेऊन जा. आणि कुलूप घालणाऱ्यांवर रागावू नका. ती वाईट माणसं नसतात, घाबरलेली असतात. त्यांच्याशी भांडूही नका. फक्त त्यांना म्हणा, एक किल्ली आत ठेवा आणि दुसरी आमच्याकडे द्या.